खाऱ्या मासळीची ईद

आमच्या रास-लहमरच्या मासळीबाजारात हमादी शिरला की पहिल्या ओट्यापासून शेवटच्या ओट्यापर्यंत खोकल्याची लाट जायची. कोणाला खोकला झालेला नसायचा. ती एकमेकांना दिलेली वर्दी होती. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा निरीक्षक, अंगात पांढरा कोट, पायात रबरी बूट, आणि चालणं असं की जणू सासरवाडीला जेवायला निघालाय, मुळीच घाई नाही.

माझी खानावळ बाजाराच्या दाराशीच आहे. मबरूकाची खानावळ म्हटलं की कोणीही दाखवेल. त्यामुळे हमादीचं काम मी रोज बघत आले. तो मासा उचलायचा, कल्ला उघडून आतला रंग बघायचा, अंगठ्याने पाठ दाबायचा, डोळ्यात डोळा घालून बघायचा, आणि मग शेवटी नाकाशी न्यायचा. डोळे मिटायचा. तेवढा वेळ विकणाऱ्याचा जीव टांगणीला. मग हमादी एकच शब्द बोलायचा. "चालेल." किंवा "उचल." उचल म्हटलं की ती पेटी थेट चुन्याच्या खड्ड्यात.

बाप मासेमारी करायचा, पण याला होडीत पाय ठेवला की उलटी. बापाने दोन हंगाम वाट बघितली, मग म्हणाला, "पोरा, तू समुद्राला नुसता त्रास देतोस. शाळेत जा." असा तो आरोग्य खात्यात आला. बाजारातले लोक म्हणायचे की याला मासा पकडता आला नाही म्हणून आता हा आम्हाला पकडतो. पण आपल्या मुलीच्या लग्नाची मासळी घ्यायची झाली की हेच लोक संध्याकाळी गुपचूप त्याच्या दारात उभे राहायचे. "हमादीभाऊ, जरा येऊन वास घ्या ना."

मीसुद्धा त्याला शिव्या घातल्यात. खानावळ नवी होती तेव्हा माझ्या मोरीला झाकण नव्हतं आणि कोंबडी आणि कोशिंबीर मी एकाच फळीवर चिरायचे. त्याने खानावळीला कुलूप लावलं. मी भर रस्त्यात म्हटलं, "तुझ्या बायकोने तुला उपाशी ठेवावं!" तो शांतपणे म्हणाला, "ती ठेवते की, म्हणून तर तुझ्याकडे जेवायला येणार आहे. फळ्या दोन कर, मी उद्या येतो." फळ्या दोन झाल्या, कुलूप निघालं, आणि तेव्हापासून दुपारचा कुसकुस तो माझ्याकडेच खायचा. घरंही आमची समोरासमोर. त्याची बायको बेया आणि मी एका गल्लीतल्या, एका वयाच्या आणि एकसारख्या तिखट जिभेच्या.

त्या हिवाळ्यात गावात ताप आला. घरटी एक तरी माणूस अंथरुणात. हमादीही पडला, चांगला दोन आठवडे. उठला तेव्हा गालफडं बसली होती. बेयाने पहिल्या दिवशी त्याला संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून कॉफी दिली. त्याने घोट घेतला आणि त्याला वाटलं, ही बाई फुलांचं पाणी घालायला विसरली. मग त्याने बाटली उघडून नाकाला लावली. काहीच नाही. लसूण ठेचून बघितला. व्हिनेगर हुंगलं तेव्हा नाकात झोंबलं, पण वास नाही. हे सगळं त्याने पुढे आम्हाला सांगितलं. त्या दिवशी तो बाटली जागेवर ठेवून कामाला गेला.

कोणाला सांगणार? निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. वरिष्ठ म्हणून नुकतीच इम्तिनान नावाची तरुण डॉक्टरीणबाई आली होती, जनावरांची डॉक्टर, बेजा शहराकडची, कामात कडक. तिला कळलं तर आपल्याला टेबलावर शिक्के मारायला बसवील, आणि बाजार तर हसून हसून लोळेल, असं त्याच्या मनाने घेतलं. नाक येईल परत, सर्दीनंतर येतंच, असं स्वतःला सांगत तो दिवस ढकलत राहिला.

ताज्या मासळीवर निभावलं. कल्ला खोटं बोलत नाही, डोळाही बोलत नाही. पण मन खातंच. पूर्वी जिथे नाक शेवटचा निकाल द्यायचं तिथे आता भीती देऊ लागली. जरा शंका आली की "उचल." बांगड्यांची पेटी, उचल. माकूळ, उचल. बाजारात कुजबुज सुरू झाली. हमादीला काहीतरी हवंय. इतकी वर्षं हात स्वच्छ ठेवले, आता म्हातारपणी सुटलेत.

सगळ्यात मोठा आवाज शाझलीचा. बाजारातला सगळ्यात मोठा ओटा त्याचा, आणि आवाज ओट्यापेक्षा मोठा. त्याचे बांगडे खड्ड्यात गेले त्या दिवशी तो पेटीला मिठी मारून ओरडत होता, "अहो साहेब, हा मासा अजून श्वास घेतोय! याला जिवंत पुरताय! काय पाहिजे ते तोंडाने सांगा ना!"

हमादीचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी त्याने अशी कोपरखळी मारली असती की शाझली आठवडाभर गप्प बसला असता. त्या दिवशी तो नुसता म्हणाला, "उचल," आणि निघून गेला.

मला वाटलं, आजारपणाने माणूस खचलाय. त्याच सुमारास माझी मसुराची भाजी तळाला लागली. अख्खी खानावळ करपटली, दोन गिऱ्हाइकं उठून गेली. हमादीने ताट चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाला, "मबरूका, आज भाजी छान उतरलीय तुझी." मी आपली खूश. म्हटलं, तापाने माणूस निदान सभ्य तरी झाला.

मग रमजान आला.

आमच्याकडे ईदच्या सकाळी गोडाच्या आधी खारी मासळी लागते. मिठात मुरवलेला मोठा मासा, आदल्या दिवसापासून पाण्यात भिजवून उकडलेला, आणि सोबत शरमूला, म्हणजे कांदा आणि मनुका तासन् तास शिजवून केलेली काळपट गोड चटणी. ज्याच्या घरी हे नाही त्याच्या घरी ईद नाही. म्हणून रमजानच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात पिंपंच्या पिंपं येतात आणि सगळी हमादीला तपासावी लागतात.

आणि इथे तो अडकला. खाऱ्या मासळीला कल्ला नसतो, डोळा मिठाने पांढरा झालेला असतो, अंग दाबलं तर लाकूड. तिथे नाकाशिवाय इलाज नाही. शाझलीची पिंपं ओळीने मांडलेली. शाझली हाताची घडी घालून उभा, मागे निम्मा बाजार बघायला जमलेला.

"बोला साहेब," शाझली म्हणाला. "हीपण पुरायचीत? गावाची ईदच पुरून टाका की एकदाची."

लोक हसले. हमादीने पहिल्या पिंपातला मासा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. दुसऱ्यातला उचलला. तिसऱ्यातला. सगळीकडे नुसती थंड हवा. सगळीच नाकारावीत तर उद्या दंगा होईल, आणि कोणत्या तोंडाने नाकारणार? दिसायला तर काही वाईट नव्हतं. गेली कित्येक वर्षं शाझलीचा खारवलेला माल चोख असायचा.

"चालेल," तो म्हणाला.

शाझलीने आकाशाकडे हात केले. "देवा, ताप उतरला रे याचा!"

रमजानचा एकोणतिसावा दिवस. चंद्र दिसला तर उद्या ईद. दुपारनंतरची नमाज होऊन गेली होती आणि मी बेयाच्या स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसले होते. दोघींचा शरमूला एकाच पातेल्यात शिजवायचा आमचा जुना रिवाज. रोजा असल्यामुळे चाखता येत नाही, मग एक वासावरून सांगते आणि दुसरी भांडते.

बेयाने कोपऱ्यातल्या टोपावरचं झाकण काढलं. सकाळपासून मासळी भिजत होती, तिचं पाणी बदलायचं होतं. झाकण उचललं आणि ती एक पाऊल मागे सरली.

"अगं बाई! हा कसला वास?"

माझ्या डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत होतं, तरी मला तो वास आला. खाऱ्या मासळीचा वास उग्र असतोच, पण त्यात एक खरखरीत स्वच्छपणा असतो. हा तसा नव्हता. गोडसर होता, आत घशाशी चिकटणारा, झाकून ठेवलेल्या जखमेसारखा.

तेवढ्यात हमादी घरात आला. बेया म्हणाली, "बरं झालं आलात. जरा बघा हो हे."

तो खाली वाकला, तोंड टोपाजवळ नेलं, श्वास घेतला आणि म्हणाला, "चांगली आहे की. काय झालं?"

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"चांगली?" बेया म्हणाली. "अहो, उंबऱ्यापर्यंत वास येतोय. मबरूका, येतोय ना?"

"येतोय," मी म्हटलं.

हमादीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कांद्यांच्या टोपलीशेजारच्या स्टुलावर तो धपकन बसला, कोटासकट.

"कुठून घेतलीस?"

"कुठून म्हणजे? शाझलीकडून. तुम्हीच पास केलेली ना?"

त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "बेया, मला वास येत नाही गं. तापापासून. काहीच येत नाही."

बेयाने टोपावर झाकण ठेवलं. मग तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "म्हणजे माझी कॉफी चांगली झालीय म्हणून रोज सांगत होतात, ते?"

"खोटं," हमादी म्हणाला.

तिचे डोळे भरले. रागाने की दुःखाने ते तिलाच ठाऊक. पण ती बाई वेळ ओळखणारी. पदराला हात पुसत म्हणाली, "रडायचं नंतर बघू. अहो, सूर्य कुठे आलाय बघा! निम्म्या गावाने हीच मासळी भिजत घातलीय. उठा!"

तो उठला. मी आणि बेया टोप एका फडक्यात गुंडाळून त्याच्यामागे निघालो. डॉक्टरीणबाई नगरपालिकेच्या मागच्या बाजूला राहायची. तिने दार उघडलं, टोपाचा वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. हमादीने सगळं सांगितलं. मध्ये एकदाही त्याने ताप, वय, घर असलं काही पुढे केलं नाही. मला वास येत नव्हता, मी लपवलं, मी ही मासळी पास केली, बस.

इम्तिनान ऐकून घेत होती. "हमादीसाहेब, तुमचं नाक गेलं म्हणून मी तुमच्यावर का रागावेन?" ती म्हणाली. "लपवलंत म्हणून रागावलेय. आणि फार रागावलेय. पण ते ईद झाल्यावर. आत्ता लोकांपर्यंत कसं पोचायचं ते सांगा."

"मशीद," हमादी म्हणाला. "आता मगरिबच्या अजानला रोजा सोडायला सगळे घरात असतील. ताटावर."

आम्ही दोघी मशिदीच्या अंगणात थांबलो. इमामाने ऐकलं, माईक चालू केला आणि हमादीच्या हातात दिला. "तूच सांग. तुझा आवाज सगळे ओळखतात."

पुढचं मला गावातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलंय. सगळे खजूर हातात धरून अजानची वाट बघत बसलेले, शोरब्याची वाफ निघतेय, आणि भोंग्यातून अजान येण्याऐवजी एक घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मी हमादी बोलतोय, आरोग्य खात्याचा. शाझलीच्या ओट्यावरची खारी मासळी कोणी खाऊ नका. मी ती तपासली, पण माझं नाक गेलंय. हिवाळ्यापासून मला वास येत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे. मासळी खाऊ नका, मुलांना देऊ नका, मांजरालाही टाकू नका. बाजारात परत आणून द्या. मला माफ करा."

लगेच अजान झाली. लोक सांगतात, खजूर तोंडात टाकायचं भानच राहिलं नाही कोणाला.

आम्ही मशिदीच्या पायऱ्या उतरतोय तोच शाझली धावत आला. पायात एकच चप्पल, तोंडात खजुराची बी.

"माझं नाव! भोंग्यावरून! सगळ्या गावासमोर माझं..." आणि तो एकदम थांबला. बी थुंकली. "हमादी. आई."

"काय झालं आईला?"

"आईला साखरेचा आजार, तिचा रोजा नसतो. सकाळी हट्ट धरून बसली, ईदपर्यंत जगते की नाही कोणास ठाऊक, आत्ताच एक तुकडा दे. दुपारी उकडून दिला मी. माझ्या हाताने दिला."

हमादीने त्याचा दंड धरला. "गाडी कुठे आहे?"

शाझलीच्या मासळीच्या गाडीत मागे गादी टाकून त्याच्या आईला, तुर्कियाआजीला, झोपवलं. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसली, पुढे शाझली आणि हमादी. सकाळी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे. तालुक्याच्या दवाखान्याकडे गाडी गेली. इकडे चंद्र दिसला. पोरांनी फटाके उडवले, पण मोठ्यांच्या तोंडावर ईद नव्हती.

सकाळी ईदची नमाज झाली तरी निरोप नाही. बाजारात वेगळीच जत्रा भरली होती. टोप, पातेली, बादल्या घेऊन लोक रांगेत उभे, नव्या कपड्यांत, नाकाला रुमाल लावून. सगळी मासळी परत येत होती. कोणी शिव्या देत होतं, कोणी आपापल्या पातेल्यात तोंड घालून शेजाऱ्याला म्हणत होतं, "माझी बरी वाटते, तू बघ." "तुझी बरी? तुझ्या नाकालाही ताप आला होता का?" नगरपालिकेचे लोक पिंपं बाजूला काढत होते. एका पिंपाचा तळ चिरलेला निघाला. त्यातलं खारं पाणी झिरपून गेलं होतं आणि ओट्यावरच्या कोणीतरी वरून साधं पाणी ओतून ते भरलेलं दाखवलं होतं. बिघडलेला माल होता तो एवढाच. बाकीची पिंपं व्यवस्थित होती, पण हे कळूनही कोणाचा घास घेण्याचा धीर झाला नाही. त्या ईदला अख्ख्या रास-लहमरने नुसता शरमूला आणि पाव खाल्ला.

मी आणि बेया बाजाराच्या दाराशी उभ्या होतो. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

तेवढ्यात शाझलीची गाडी आली, हॉर्न वाजवत, एखादं लग्नाचं वऱ्हाड यावं तशी. गाडी थांबली. पुढच्या दारातून तुर्कियाआजी स्वतःच्या पायांनी उतरली. मागून शाझली, मग डॉक्टरीणबाई, शेवटी हमादी.

"आजी!" लोक ओरडले. "बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हातारी म्हणाली. "पोट धुतलं, हातात सुया टोचल्या, आणि रात्रभर हे दोघे गाढव माझ्या उशापायथ्याशी बसून रडत होते. मला झोप नाही लागू दिली."

"पण आजी, खाताना तुम्हाला वास नाही आला?"

"आला की!" आजी म्हणाली. "पण शाझली शेजारी बसला होता. मला वाटलं, त्याचाच."

बाजार असा हसला की कबुतरं उडाली. शाझलीही हसला, आणि हसता हसता ओट्याला टेकून रडायला लागला. हमादी त्याच्या शेजारी उभा होता. शाझलीने समोर काढून ठेवलेलं चिरलेलं पिंप बघितलं आणि डोळे पुसत हमादीच्या कोटाला धरलं. "तू माझे बांगडे पुरलेस, माझं नाव भोंग्यावर घेतलंस. आणि पिंपाचा तळ मी बघितला नाही. आता मी तुला काय म्हणू ते तूच सांग."

"काही म्हणू नकोस," हमादी म्हणाला. "ईद मुबारक म्हण."

त्या दुपारी हमादी जो झोपला तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठला. बेया दोनदा त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघून आली.

कोणाला काही झालं नाही. एकालाही नाही. डॉक्टरीणबाईने घरोघर माणसं पाठवून विचारलं, आणि दोन दिवस गेल्यावर सगळीकडून एकच उत्तर आलं, बरे आहोत. मग तिने हमादीला बोलावून घेतलं. त्याने कोट धुऊन, घडी करून सोबत नेला होता, परत करायला. दार लावून तिने त्याला काय सुनावलं ते बाहेरच्या शिपायालाही ऐकू आलं. लेखी ताकीद मिळाली. त्यात काही सूट मिळाली नाही. पण कोट तिने परत घेतला नाही.

"खारी मासळी आणि दूध मी बघेन," ती म्हणाली. "खानावळी, बेकऱ्या, शीतघरं तुमची. तिथे डोळे लागतात, आणि हट्ट लागतो. तो तुमच्याकडे भरपूर आहे. आणि स्फॅक्सला नाकाच्या डॉक्टरकडे या आठवड्यात जायचं. ही विनंती नाही."

बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी वाट बघत होतो. "काय झालं?" बेयाने विचारलं.

"शिव्या खाल्ल्या," तो म्हणाला. कोट अंगात घालताना तो हसत होता. "बेया, किती हलकं वाटतंय गं. मला वाटायचं लोकांना कळलं तर मी मरेन. कळलं, आणि भूक लागली."

बाजाराने त्याची थट्टा केली, करायचीच होती. पण तो घाबरला होता तेवढी नाही. आता ओट्यावर शंका आली तर तो मासा शेजारच्या बाईच्या हातात देतो, "ताई, वास घेऊन सांगा बरं." मग चार बाया जमतात, चार मतं पडतात, मोठा वाद होतो, आणि डॉक्टरीणबाईला बोलावून निकाल लागतो. शाझलीने नवी पिंपं घेतली आहेत आणि तो स्वतः प्रत्येकाचा तळ उलटा करून बघतो.

डॉक्टरने सांगितलंय, हळूहळू येईलही वास, घाई करू नका. रोज सकाळी बेया चार डब्या त्याच्यापुढे उघडते. लवंग, लिंबाचं साल, कॉफी, संत्र्याच्या फुलांचं पाणी. तो डोळे मिटून हुंगतो. कधी "काही नाही" म्हणतो, कधी म्हणतो, "थांब, थांब, काहीतरी आहे." परवा लवंगेची डबी त्याने बराच वेळ सोडली नाही. आणि मधल्या काळात जेवायला माझ्याकडे आला की पहिला घास घेऊन मान वर करतो आणि विचारतो, "मबरूका, आज कसं झालंय, सांग." मी सांगते, जिऱ्याचा वास पुढे आलाय, धने मागे आहेत, मिरची आज जास्त पडलीय. तो ऐकत ऐकत जेवतो.